मागचा दिवा

मंडळी, आज आपण रस्त्याविषयी वाचायचे आहे.

तुम्ही म्हणाल, रस्त्याविषयी काय वाचायचे? रोज तर त्यावरून जातो. खरे आहे. पण रोजच्या गोष्टीकडेच आपले लक्ष नसते. म्हणून आधी एक गोष्ट ऐका. मग नियम वाचू.

नागापूरचा रस्ता

नगर शहरातून मनमाडच्या दिशेने निघावे. सावेडी मागे पडते. सीना नदीचा पूल ओलांडला की नागापूर येते. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. पण बोलताना आपण अजून नगरच म्हणतो.

नागापूरला औद्योगिक वसाहत आहे. पाळी सुटली की मोटारसायकलींची रीघ लागते. याच रस्त्याने पुढे विळदचा घाट आहे. मग राहुरी, कोल्हार, शिर्डी करीत रस्ता मनमाडला जातो. त्यामुळे इथे एस.टी. आहे, मालट्रक आहे, लांबलचक कंटेनर आहे. शिर्डीला पायी जाणाऱ्या पालख्या आहेत. सायकलवर शाळेला जाणारी मुले आहेत. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेल्या बायका आहेत. आणि कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या आहेत, बैलगाड्या आहेत.

एवढे सगळे लोक, आणि रस्ता एकच. मग त्यावर वागावे कसे?

तात्यांची ट्रॉली

नागापूरच्या बाजूला एका वस्तीवर तात्या राहतात. घरचा ट्रॅक्टर आहे. मागे दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टर पुतण्या चालवतो. पोरगा कामसू आहे. लायसन काढलेले आहे. दारूला शिवत नाही. सगळे चांगले. फक्त एक खोट होती. मागच्या ट्रॉलीचा दिवा लागत नव्हता.

दिवाळीत वायर तुटली होती. पुतण्या म्हणाला, "तात्या, वायर जोडून आणू का?"

तात्या म्हणाले, "आरं, आधी ऊस जाऊ दे. उद्या बघू."

तो उद्या काही आला नाही. दिव्याशेजारची लाल चकतीही कधीतरी फुटून पडली. तिच्याकडे कुणी पाहिले नाही.

माघाचे दिवस होते. थंडी कडक होती. रात्री उसाने भरलेल्या ट्रॉल्या घेऊन पुतण्या कारखान्याकडे निघाला. वाटेत मागच्या ट्रॉलीचे चाक बसले. रस्त्याची कड खचलेली होती. खाली उतरवावे तर ट्रॉली कलंडेल, अशी भीती. म्हणून ती निम्मी रस्त्यावरच राहिली. पुतण्याने मागे चार दगड मांडले. बाभळीची एक फांदी टाकली. आणि तो पंक्चरवाल्याला उठवायला गेला.

तेवढ्यात दुसरी पाळी सुटली. एक तरुण मोटारसायकलवरून घरी निघाला. समोरून एक मालट्रक आला. त्याने दिवा खाली केला नाही. तो झगझगीत उजेड पोराच्या डोळ्यांवर आला. डोळे दिपले. क्षणभर पुढे नुसता अंधार. आणि त्या अंधारात तात्यांची ट्रॉली उभी होती.

दगड काळे, फांदी काळी, ऊसही रात्री काळाच. पोराला काही दिसले नाही. गाडी दगडावर चढली आणि ट्रॉलीवर आदळली.

पोराच्या डोक्यावर हेल्मेट होते, आणि त्याची पट्टी हनुवटीखाली नीट लावलेली होती. हेल्मेटला तडा गेला. डोके वाचले. पाय मात्र दोन ठिकाणी मोडला.

वर्गातली संध्याकाळ

या गोष्टीला पंधरा दिवस झाले. संध्याकाळचा वर्ग भरला होता. तात्या वर्गाला येत असत. त्या पोराची आईही येत असे. ती बायकांच्या रांगेत शेवटी बसे. पंधरा दिवस ती आली नव्हती. दवाखान्यात होती. त्या दिवशी आली.

गुरुजींनी फळ्यावर शब्द लिहिला, 'दिवा'. म्हणाले, "तात्या, वाचा."

तात्या उभे राहिले. शब्द सोपा होता. पण तात्यांना तो वाचवेना. ते खाली मान घालून म्हणाले, "गुरुजी, हा शब्द मला दिवाळीतच वाचायला पायजे होता."

वर्ग गप्प झाला. तात्या बायकांच्या रांगेकडे वळले.

"वहिनी, तुमच्या पोराचा पाय माझ्या ट्रॉलीनं मोडला. पोलिसांत मी सांगितलं, दिवा नव्हता. पण तुम्हांला तोंड दाखवायची हिंमत झाली न्हाई. पुतण्या दिवा लाव म्हणत होता. मीच उद्या-उद्या केलं. चूक पोराची न्हाई, माझी हाय."

बाई थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "भावजी, माझा पोरगा वाचला. देवाची किरपा आन् त्या टोपीची. घरात कमावता तो एकलाच हाय. आता चार महिने पगार न्हाई. तुम्ही दवाखान्याला मदत केली, ती मी नाकारली न्हाई. पण मला एक सांगा. ती ट्रॉली आज रात्री जाणार हाय का?"

"जाणार हाय."

"मग दिवा लागला का?"

तात्या काही बोलले नाहीत. पंधरा दिवस दवाखाना, पोलीस ठाणे, कारखाना यांतच गेले होते. दिवा तसाच होता.

बाई उठली. म्हणाली, "मग माफी नंतर मागा. आधी दिवा लावा. आज दुसऱ्या कुणाचा तरी पोरगा पाळीवरून यायचा हाय."

तात्या तसेच वर्गातून उठून गेले. त्या रात्री ट्रॉली हलली नाही. सकाळी वायर जोडली, दोन्ही बाजूंना लाल दिवे बसले, लाल चकत्या बसल्या, आणि मगच ट्रॅक्टर बाहेर पडला.

आजोबांचा कंदील

दुसऱ्या दिवशी तात्यांनी वर्गात एक आठवण सांगितली.

"माझा आज्जा बैलगाडी हाकायचा. रातच्याला नगरच्या बाजारावरून यायचा. गाडीखाली कंदील टांगायचा. मी लहानपणी विचारलं, 'आज्जा, कंदील गाडीखाली कशापायी? वाट दिसायला पुढं धर की.' आज्जा म्हणाला, 'बैलांना वाट दिसते रं. हा कंदील आपल्याला दिसावं म्हणून न्हाई. आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून हाय.' आज्ज्याला अक्षर येत नव्हतं. पण एवढं त्याला कळत होतं. मी ट्रॅक्टर घेतला, ट्रॉल्या घेतल्या, आणि कंदील इसरलो."

मंडळी, ही गोष्ट मनात ठेवा. गाडीचा पुढचा दिवा आपल्यासाठी असतो. मागचा दिवा दुसऱ्यासाठी असतो. म्हणूनच पुढचा बिघडला तर आपण लगेच दुरुस्त करतो, आणि मागचा महिनोन्महिने तसाच राहतो. रस्त्यावरचा सभ्यपणा म्हणजे दुसरे काही नाही. मागच्या दिव्याची काळजी घ्यायची, म्हणजे जो आपल्याला दिसत नाही त्याची काळजी घ्यायची.

गुरुजींचा हिशेब

एकाने विचारले, "पण गुरुजी, त्या पोरानं ब्रेक का न्हाई मारला?"

गुरुजींनी खडू घेतला. म्हणाले, "हिशेब करू. गाडी तासाला ६० किलोमीटर जाते. म्हणजे मिनिटाला किती?"

"एक किलोमीटर."

"एक किलोमीटर म्हणजे १,००० मीटर. मिनिटाचे सेकंद ६०. हजाराला साठाने भागा. एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर जाते. आता डोळ्याला वस्तू दिसते, मन समजते, मग हात-पाय ब्रेकवर जातात. एवढ्याला साधारण एक सेकंद लागतो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी १७ मीटर पुढे गेली. ब्रेक लागल्यावर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर आणखी २० मीटर तरी जाते. एकूण किती?"

"सदतीस."

"आणि मोटारसायकलचा खाली केलेला उजेड साधारण तीस-चाळीस मीटरपलीकडे फारसे दाखवत नाही. म्हणजे दिसले तेव्हाच उशीर झालेला असतो. त्यात डोळे दिपलेले. मग काय होणार?"

गुरुजींनी दुसरा हिशेब मांडला. गाडी तासाला ३० किलोमीटरने चालली असती तर? सेकंदाला ८ मीटरच्या थोडे वर. ब्रेक लागल्यावर सुमारे ५ मीटर. एकूण १३-१४ मीटरमध्ये गाडी उभी.

नीट बघा. वेग दुप्पट झाला, तर ब्रेकनंतरचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. ५ चे २० होते. पावसात रस्ता ओला असला, उसाचा पाला किंवा चिखल पडलेला असला, तर आणखी वाढते. आणि भरलेली ट्रॉली तर लवकर थांबतच नाही. म्हणून रात्री उजेड जेवढा लांब पडतो, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा.

किती माणसे जातात

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. हा सरकारी आकडा आहे. वर्षाच्या दिवसांनी भागले तर रोजची साडेचारशेच्या वर माणसे होतात. एखादे लहान गाव रोज उठून जावे, तसे हे आहे. या मेलेल्यांत शंभरातली सुमारे ४४ माणसे दुचाकीवरची होती.

चांगले हेल्मेट, पट्टी लावून घातले, तर दुचाकीवरच्या माणसाचा मरणाचा धोका बराच कमी होतो. हँडलला टांगलेले हेल्मेट हँडललाच वाचवते. मागे बसलेल्या माणसालाही हेल्मेट हवे. कायदा दोघांनाही सांगतो. मोटारीत बसणाऱ्याने पट्टा बांधावा.

गाडी उभी करावी लागली तर

गाडी बंद पडणे हा काही गुन्हा नाही. पण ती कशी उभी करतो, ते आपल्या हातात आहे.

एक. जमेल तेवढी रस्त्याच्या खाली घ्यावी. वळणावर, पुलावर, चढाच्या माथ्यावर उभी करू नये.

दोन. मागचे दिवे चालू ठेवावे. लुकलुकणारे दिवे असले तर तेही लावावे.

तीन. लाल त्रिकोणी पाटी असली तर ती मागे, लांबून दिसेल अशी ठेवावी. दिवा नसला तर एका माणसाने विजेरी घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहावे आणि येणाऱ्याला इशारा करावा. रस्त्याच्या मधे उभे राहू नये.

चार. रस्त्यावर दगड मांडू नयेत. अंधारात दगड दिसत नाही. तो दुसरा अपघात करतो. आणि कुणी मांडलेच, तर गाडी निघताना आठवणीने उचलावेत. कितीतरी गाड्या निघून जातात आणि दगड तिथेच राहतात. तो दगड आपल्याच घरातल्या माणसाची वाट बघत बसतो.

ट्रॉलीला मागे लाल दिवे आणि लाल चकत्या पाहिजेत. चकतीला वीज लागत नाही, तेल लागत नाही. मागून उजेड पडला की ती आपोआप चमकते. बैलगाडीलाही ती लावता येते. ऊस ट्रॉलीच्या बाहेर इतका लोंबू देऊ नये की दिवा आणि चकती झाकून जाईल.

चालवणाऱ्याची रीत

समोरून गाडी आली की दिवा खाली करावा. आपण त्याला डिपर देणे म्हणतो. समोरच्याने दिला नाही तरी आपण द्यावा. "तो देत नाही, मग मी का देऊ?" असे म्हणून दोघेही आंधळे होतात. डोळे दिपले तर वेग कमी करावा आणि रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवावी.

आपल्या देशात डाव्या बाजूने चालवायचे. पुढच्या गाडीला उजवीकडून ओलांडायचे. पण समोरचा रस्ता मोकळा दिसेल तेव्हाच. घाटात, वळणावर, पुलावर ओलांडू नये. कुणी आपल्याला ओलांडत असेल तर वेग वाढवू नये. त्यात कमीपणा नाही. ही काही शर्यत नव्हे.

वळण्याआधी इशारा करावा. ट्रॅक्टरचा इशारा-दिवा बिघडला असेल, तर हाताची जुनी खूण अजून चालते. उजवीकडे वळायचे तर उजवा हात बाहेर सरळ धरावा, तळवा पुढे. डावीकडे वळायचे तर तोच हात घड्याळाच्या उलट गोल फिरवावा. वेग कमी करायचा तर तळवा खाली करून हात वर-खाली हलवावा. रात्री मात्र हाताची खूण दिसत नाही. तेव्हा दिवाच हवा.

हॉर्न म्हणजे शिवी नव्हे. "मी इथे आहे" एवढेच त्याने सांगायचे. पालखी, जनावरे, म्हातारी माणसे दिसली तर आधी वेग कमी करावा. बैलाच्या कानाशी हॉर्न वाजवला तर बैल बुजतो, आणि गाडी उलटते.

ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी लावू नयेत. मागून येणाऱ्याचा हॉर्न ऐकू येत नाही. गाडी चालवताना मोबाईल कानाला लावू नये. निरोप महत्त्वाचा असेल तर गाडी कडेला घ्यावी. दारू प्यायलेल्या माणसाने चावीला हात लावू नये, आणि घरच्यांनी त्याला लावू देऊ नये.

अठरा वर्षांच्या आत पोराच्या हाती मोटारसायकल देऊ नये. २०१९ साली कायदा सुधारला. आता अशा पोराकडून गुन्हा घडला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंडाची गोष्ट सोडा. पोरगा आपला आहे.

पायी चालणाराही रस्त्याचा धनी आहे. जिथे पदपथ नाही तिथे त्याने उजव्या कडेने चालावे. म्हणजे समोरून येणारी गाडी त्याला दिसते. रात्री पांढरे कापड अंगावर असावे आणि हातात विजेरी असावी.

नगरचा मान

१ जून १९४८ हा दिवस नगरकरांनी लक्षात ठेवावा. त्या दिवशी एस.टी.ची पहिली गाडी नगरहून पुण्याला गेली. चालक होते किसन राऊत. वाहक होते लक्ष्मण केवटे. त्या दिवसापासून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतले लोक आपला जीव चालकाच्या हाती देऊन निवांत झोपत आले आहेत. तिकीट काढले, डोळे मिटले, गाव आले की उतरले. केवढा हा विश्वास!

आपण मोटारसायकल चालवतो, ट्रॅक्टर चालवतो, तेव्हाही आपल्यावर असाच विश्वास टाकलेला असतो. समोरून येणारा माणूस आपल्याला ओळखत नाही. तरी तो धरून चालतो की हा आपल्या बाजूनेच जाईल. हा विश्वास मोडू नये.

अपघात दिसला तर

त्या रात्री पोरगा रस्त्यावर पडला होता. चार-पाच गाड्या बाजूने निघून गेल्या. ते लोक वाईट नव्हते. ते भ्याले होते. पोलिसांचा ससेमिरा लागेल, असे त्यांना वाटले. शेवटी एक टेम्पोवाला थांबला. त्याने आपल्या गाडीचे दिवे लुकलुकते ठेवले, पोराच्या पायाला चादर गुंडाळली आणि १०८ ला फोन केला.

मंडळी, भिऊ नका. जखमीला मदत करणाऱ्याला आता कायद्याचे संरक्षण आहे. नाव सांगायची त्याच्यावर सक्ती नाही. चांगल्या हेतूने मदत केली तर त्याच्यावर खटला होत नाही. हे २०१९ च्या कायद्यात लिहिले आहे.

१०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर. ११२ हा कोणत्याही संकटाचा नंबर. दोन्हींना पैसे पडत नाहीत. फोनवर ठिकाण नीट सांगावे. पूल, फाटा, मैलाचा दगड, जे जवळ असेल ते सांगावे. आपल्याला आता वाचता येते. मग दगडावरचा आकडा वाचून सांगावा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. जखमीला ओढू नये, उठवून बसवू नये, पाणी पाजू नये. मानेला मार लागलेला असू शकतो. पहिला तास फार मोलाचा असतो. पैशापायी तो घालवू नये. मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजना आहे. रस्ते-अपघातातल्या जखमीवर योजनेतल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत, रोख पैसे न भरता उपचार होतात.

पुढे काय झाले

पोराचा पाय जुळून आला. अजून थोडा लंगडतो. पण कामावर जाऊ लागला आहे. त्याचा पगार बुडाला, तेवढे महिने तात्यांनी त्याच्या घरी धान्य पोचवले. कुणी सांगितले म्हणून नाही.

पुढच्या हंगामाच्या आधी वर्गातल्या मंडळींनी मिळून लाल चकत्या आणल्या. वस्तीवरच्या सगळ्या ट्रॉल्यांना लावल्या. ऊसतोडीला आलेल्या लोकांच्या बैलगाड्यांनाही लावल्या. तात्यांचा पुतण्या हातात पेचकस घेऊन गाडी-गाडीपाशी फिरला.

एका संध्याकाळी ती बाई वर्गाहून घरी चालली होती. रस्त्याच्या कडेला ट्रॉली उभी होती. मागून मोटारीचा उजेड पडला. आणि लांबून, अगदी लांबून, दोन लाल ठिपके चमकले. मोटार हळू झाली, बाजूने गेली.

बाई तिथे थोडी थांबली. मग पोराची पाळी सुटायची वेळ झाली, म्हणून भाकरी टाकायला घरी गेली.

लक्षात ठेवा

मागचा दिवा दुसऱ्यासाठी असतो.
उजेड जेवढा, वेग तेवढा.
समोरच्याने दिला नाही तरी डिपर द्यावा.
मांडलेला दगड उचलावा.
हेल्मेटची पट्टी लावावी.
जखमीसाठी १०८.

प्रश्न

१. पुतण्याने दगड आणि फांदी ठेवली होती. तरी अपघात का झाला?
२. या अपघातात चूक कोणाकोणाची होती?
३. आजोबा कंदील गाडीखाली का टांगत?
४. बाई म्हणाली, "माफी नंतर मागा." असे ती का म्हणाली?

करून बघा

मोकळ्या रानात एक काठी रोवा. तिच्यापासून ५० मोठी पावले चाला. हे अंतर साधारण ३७ मीटर होते. आता मागे वळून काठीकडे बघा. साठच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला थांबायला एवढी जागा लागते. हे घरातल्या मुलांनाही चालून दाखवा.

आणि आज घरी गेल्यावर आपल्या गाडीच्या मागे जाऊन उभे राहा. दिवा लागतो का, ते बघा.